शेवटी भिजणारं रान

माझी सासू कुसाबाई आमच्या गावची पाटकरीण आहे, म्हणजे पाटाचं पाणी रानारानाला वाटून देणारी. तिच्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर गावात कुणालाही विचारा, फक्त मला विचारू नका. पाटाच्या शेवटाला ज्यांची रानं आहेत ते तर तिचं नाव देवासारखं घेतात. घेणारच. त्यांच्या रानात पाणी पोचतं. मी त्या देवासाठी रोज भाकरी थापते, त्यामुळे मला देव जवळून माहीत आहे.

आमचं गाव बागलाणात, मोसम नदीच्या काठाला. नदीला आडवा दगडी बंधारा आहे. तो कुणी बांधला ते कुणालाच धड ठाऊक नाही. कुणी एका राजाचं नाव घेतं, कुणी एका राणीचं, आणि जयराम, ज्याचं पुढं येईलच, त्याच्या घरचे म्हणतात आमच्याच पूर्वजांनी बांधला. बंधाऱ्यातून पाट निघतो, गावाच्या अंगानं वळत खाली जातो, आणि त्याच्या खालचं सगळं रान त्या पाण्यावर पिकतं. रानाचे भाग पाडलेत, त्यांना फड म्हणतात. यंदा कुठल्या फडाला पाणी द्यायचं, कुठला कोरडा ठेवायचा, ऊस कुठं, गहू-कांदा कुठं, हे दिवाळीनंतर सगळे मिळून नदीकडे बघून ठरवतात. पावसाळ्याच्या आधी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन पाटातला गाळ काढायला येतं. जो येत नाही त्याला गाव वर्षभर नावं ठेवतं. मधे सरकारनं कायदा केला, तशी आमचीही पाणी वापर संस्था झाली. पाटी लागली, खुर्च्या आल्या, चेअरमन आला. पाटावर चालायचं काम मात्र पाटकऱ्याकडंच राहिलं, कारण चेअरमनला चिखल चालत नाही.

आमच्याकडची मोठी रीत म्हणजे मालकानं पाण्याला हात लावायचा नाही. रान तुझं, पीक तुझं, पण पाटाचा बांध फोडून रानात पाणी घ्यायचं ते तोंड, ज्याला आम्ही बारं म्हणतो, ते उघडायचं आणि बुजवायचं फक्त पाटकऱ्यानं. पाणी आधी शेवटच्या रानाला, मग त्याच्या वरच्याला, असं चढत चढत बंधाऱ्याकडे यायचं. वरचा माणूस आधी प्यायला तर खालच्याला काही उरत नाही, एवढं पूर्वीच्या लोकांना कळत होतं. आणि खुद्द पाटकऱ्याचं रान सगळ्यात शेवटी. ते कुठंही असो. पाणी उरलं तर त्याचं.

म्हणजे बघा, अख्ख्या गावाला पाणी पाजणारी बाई माझी सासू, आणि अख्ख्या गावात सगळ्यात कोरडं रान माझं. हातचं राखून बोलायची मला सवय नाही, म्हणून सांगते, लग्नाआधी हे कुणी सांगितलं असतं तर मी हर्षलला नकार दिला असता. बघायला आले तेव्हा माझ्या भावानं विचारलं होतं, रानाला पाणी कसं आहे. म्हातारी म्हणाली, पाटाला लागून आहे. खोटं नाही बोलली. पाट आमच्या बांधावरून जातो. रोज जातो, आणि आम्ही रोज त्याच्याकडे बघतो.

तिची बोली अहिराणी. माझं माहेर लासलगावच्या बाजूला, आमच्याकडं असलं कुणी बोलत नाही. लग्नानंतर कितीतरी दिवस ती मला रागावतेय की जेवायला बोलावतेय हे मला कळायचं नाही. पुढं कळायला लागलं तेव्हा समजलं, दोन्हीला आवाज एकच आहे.

माझे सासरे कारभारी पाटकरी होते. मी त्यांना पाहिलं नाही. हर्षल लहान असताना ते काविळीनं गेले. त्यांचा दहावा झाला तेव्हा गहू पोटरीला आला होता, आणि गाव मारुतीच्या पारावर बसून नवा पाटकरी कुणाला करायचं यावर वाद घालत होतं. कुणाचा भाऊ, कुणाचा साडू, सगळ्यांना आपला माणूस हवा होता. वाद चालू होता तोवर इकडं ही नवऱ्याचं फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या शेवटाला गेली आणि पहिलं बारं उघडलं. लोकांना कळलं तोवर निम्मा फड भिजला होता. बाईमाणसाला हे जमायचं नाही असं म्हणायला जे उठले त्यांच्याच रानात पाणी खेळत होतं, मग काय बोलणार.

पहिल्याच वर्षी तिच्या सख्ख्या दिरानं तिला जोखून बघितलं. भरदुपारी त्यानं आपलं बारं आपल्या हातानं फोडलं. ही तिथं गेली. भांडली नाही, ओरडली नाही. फोडलेल्या बांधात जाऊन बसली. पाठ पाण्याकडे, तोंड दिराकडे. पाणी अडलं. लुगडं भिजलं, चिखलानं माखलं, तरी हलली नाही. शेवटी दीरच लाजला आणि त्यानं मातीचं ढेकूळ आणून बारं बुजवायला घेतलं, तर त्यालाही हात लावू दिला नाही. स्वतः उठली, स्वतः बुजवलं. ही गोष्ट गावात अजून कौतुकानं सांगतात. मला विचाराल तर त्या दिवशीच गावाची मान तिच्या हातात गेली, आणि घराचं काय ते कुणी विचारलं नाही.

माझ्या लग्नात अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि सासू कुठं आहे म्हणून माझी आई शोधायला लागली. सासू पाटावर. हळदीच्या हातानं फावडं धरून उभी, कारण त्या दिवशी खालच्या फडाचा नंबर होता. हर्षल हसत म्हणाला, निकिता, आमची आई अशीच आहे. मीही हसले. तेव्हा नवी होते, हसू येत होतं.

आता माझ्या आईचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझी आई कांद्याचं बी घरी धरायची. कांद्याचं बी काही असंच मिळत नाही. चांगले गड्डे निवडून ठेवायचे, ते थंडीच्या तोंडावर पुन्हा लावायचे. मग त्यांना उंच दांडे फुटतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोळा येतो. त्याला डोंगळा म्हणतात. डोंगळा वाळला की चोळून काळं बी काढायचं. आणि ते बी एका वर्षापुरतंच. दुसऱ्या वर्षी पेरलं तर निम्मंही उगवत नाही. म्हणजे साखळी एकदा तुटली की तुटली.

आईचा कांदा गुलाबी, बसका, मानेला बारीक. कांदा साठवायच्या चाळीत टाकला तर दसऱ्यापर्यंत कोंब यायचा नाही. लग्नात तिनं माझ्या ओटीत नारळासोबत त्या बियांची पुरचुंडी घातली. बाकी काही दिलं नाही तरी चालेल, म्हणाली, हे सांभाळ. पुढं करोनात आई गेली. भावानं कंपनीच्या बियांची पाकिटं आणायला सुरुवात केली आणि माहेरचं बी बंद झालं. आता ते फक्त माझ्याकडं होतं, आणि मी ते कुणाला देत नव्हते. पाटाच्या शेवटाला राहणाऱ्या आबिदाभाभीनं एकदा मागितलं होतं. तिचा नवरा सलाउद्दीन मालेगावला मागावर काम करतो, तुकडाभर रान तीच बघते. भली बाई आहे. तरी मी नाही म्हणाले. माझ्या आईचं बी, माझी मर्जी.

दोन वर्षांमागं पाऊस दगा देऊन गेला. उन्हाळ्यात गारपीट झाली होती, त्यात माझे डोंगळे झोपलेले, आधीचं बी पेरून संपलेलं. हातात उरले होते ते चाळीच्या कोपऱ्यात निवडून ठेवलेले गड्डे. दिवाळीनंतर पारावर बैठक झाली. पाणी थोडं आहे, गहू आणि कांदा जगेल एवढंच, असं ठरलं. घरी येऊन म्हातारीनं मला सांगितलं की यंदा आपल्या रानात डोंगळा लावू नको, पाणी आपल्यापर्यंत चढणार नाही.

मी म्हटलं, मग लावू कुठं, डोक्यावर? गड्ड्यांना कोंब फुटायला लागले होते, ते काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हते. ती उठून पाय धुवायला गेली. बोलणं तिला महाग पडतं.

दोन दिवसांनी मी चाळीत गेले तर गड्ड्यांचा ढीग खाली बसलेला. उंदीर एवढे कांदे नेत नाहीत. मी हर्षलला विचारलं, त्याला काही माहीत नव्हतं. म्हातारीला विचारलं. ती पायाला तेल चोळत होती, तशीच चोळत राहिली. मी विचारलं, विकले का? खाल्ले का? कुणाला वाटले? ती म्हणाली, गेले. एवढंच. गेले! आईच्या बियाच्या निवडलेल्या कांद्यांबद्दल, जशी काही पावसाची सर गेली. मी त्या दिवशी तिला काय काय बोलले ते इथं सांगत नाही, पण शेजारच्या अक्काबाईनं भिंतीला कान लावून सगळं ऐकलं आणि तिला चार दिवस पुरलं.

उरलेले गड्डे मी लावले. हट्टानं लावले. पहिलं पाणी उरलं, मिळालं. दुसरं कसंबसं मिळालं. मग नदी आटायला लागली. माघ सरला तेव्हा डोंगळे फुलावर आले होते, मधमाश्या यायला लागल्या होत्या, आणि जमीन पायाला चटके देत होती. फुलावर असताना एक पाणी मिळालं तर बी भरतं. नाही मिळालं तर वरून गोळा पांढरा दिसतो आणि आत फोलपट. मी विहिरीच्या तळातून हंडे भरून आणले, एकेका दांड्याच्या बुडाशी ओतले. हंड्यानं का रान भिजतं? खांदे सुजले, दुसरं काही झालं नाही.

म्हातारी मला हंडे वाहताना बघत होती. एकदा म्हणाली, शेवटच्या रानापासून सुरुवात केली आहे, बघू किती चढतं ते. मी विचारलं, एक वेळ, एकदाच, आपलं रान आधी भिजवलं तर आभाळ कोसळणार आहे का? तुम्ही इतकी वर्षं या गावासाठी चिखलात पाय कुजवले, गाव एवढं नाही समजून घेणार?

"पाणी कोना बापनं नही," ती म्हणाली आणि फावडं उचलून गेली.

पाणी कुणाच्या बापाचं नाही. बरोबर. पण बी माझ्या आईचं होतं.

आता जयरामचं. जयराम म्हणजे संस्थेचा चेअरमन. त्याची डाळिंबाची बाग बंधाऱ्याला खेटून आहे, आणि शेवटाकडून पाणी द्यायच्या रीतीमुळं त्याच्यापर्यंत पाणी उशिरा येतं. त्याला बंधाऱ्यावर मोटारी बसवायच्या होत्या. ज्याला हवं त्यानं पाइप टाकावा आणि ओढावं, पाटकरी कशाला, असं तो दर बैठकीत म्हणायचा. लोक ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे, पण म्हातारी समोर बसलेली असायची, त्यामुळं हात कुणी वर करायचं नाही. तिच्याकडं बोट दाखवायला त्याला जागा मिळत नव्हती.

त्या सकाळी म्हातारी पाटाच्या शेवटाला होती. मी हंडा घेऊन रानात आले तर आमचं बारं उघडं. पाणी सरळ डोंगळ्यात चाललं होतं. आधी मला खरं वाटेना. माती आवाज करत पाणी पीत होती. बांधावर जयराम उभा, पायाशी फावडं, हातात फोन. मला वाटलं बोलतोय कुणाशी. मला बघून म्हणाला, वहिनी, तुमचं रान जळताना बघवत नाही. आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मी तिथंच उभी राहिले. पाण्याला मी हात लावला नाही. उघडलं नाही आणि बुजवलंही नाही. कसं बुजवणार? मालकानं पाण्याला हात लावायचा नाही, ही रीत माझ्याच घरात जास्त पाळतात ना? पाणी दांड्यांच्या बुडाशी फिरत होतं आणि मला आईची आठवण येत होती, आणि मी रडत होते. आनंदानं. बऱ्याच दिवसांनी.

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. पाणी वापर संस्थेचा ग्रुप आहे. त्यावर आमच्या रानाचा फोटो. उघडं बारं, पाणी, डोंगळे, आणि कोपऱ्यात हंडा घेऊन मी. खाली लिहिलेलं, पाटकरणीचं रान आधी, गावाचं नंतर, उद्या पारावर बैठक. तेव्हा कळलं, तो फोनवर बोलत नव्हता, फोटो काढत होता.

म्हातारीकडं फोन नाही. तिला फोनची गरज पडली नाही. खाली पाणी बारीक झालं तशी ती पाटाच्या काठानं वर चालत आली. बारं बघितलं. मला बघितलं. कुणी फोडलं असं विचारलं नाही. आधी बारं बुजवलं, पायानं माती दाबली. मी सगळं सांगितलं, जयरामचं, गाडीचं, फोटोचं. ती ऐकत होती की नाही देव जाणे. मग ती वळली आणि माळाकडं चालू लागली.

माळावर चिमणाबाई धनगरणीचा वाडा उतरला होता, मेंढरं होती. म्हातारी कुठं निघाली हे माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं एक जुनी रीत आहे. चोरीचं पाणी ज्या रानानं प्यायलं त्या रानात मेंढरं सोडायची, आणि ती पाटकऱ्यानं सोडायची. फोडलं कुणी ते बघायचं नाही, प्यायलं कुणी ते बघायचं. मी लग्न होऊन आल्यापासून ही रीत फक्त धाक दाखवायला वापरलेली ऐकली होती. प्रत्यक्षात कुणाच्या रानात मेंढरू शिरलेलं मी बघितलं नव्हतं.

ती मेंढरं घेऊन आली. चिमणाबाई मागं मागं बोलत येत होती, बाई, फुलावर आलंय गं, माझं मन होत नाय. म्हातारीनं तिच्या हातातली काठी घेतली.

मी बांधावर आडवी झाले. म्हटलं, चोरी मी केली नाही. म्हटलं, मालकानं हात लावायचा नाही ही तुमची रीत, म्हणून मी बुजवलं नाही, मग शिक्षा मला का? तिनं काठीनं पुढचं मेंढरू वळवलं. मग मी तिचे पाय धरले. माझ्या आयुष्यात मी त्या बाईचे पाय सणावाराला सोडून कधी धरले नव्हते.

"आत्याबाई, हे माझ्या आईचं आहे. एवढं सोडा."

तिनं खाली बघितलं. "रान कोनं शे?"

"तुमचं," मी म्हणाले. उतारा तिच्याच नावावर आहे.

"मंग," ती म्हणाली, आणि मला वळसा घालून मेंढरं आत घातली.

मेंढरं कांद्यात कशी चरतात ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. भाव पडला की लोक स्वतःच घालतात. पण फुललेला डोंगळा खाताना दांडा आधी कटकन मोडतो, तो आवाज मला माहीत नव्हता. मी शेवटपर्यंत बघितलं नाही. घरी येऊन चूल पेटवली, कारण माणसं मेली तरी घरात स्वयंपाक होतो.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळा गाव. पाटाच्या शेवटाकडच्या बायकाही आल्या होत्या, आबिदाभाभी डोक्यावर पदर घेऊन मागं बसली होती. जयराम उठला, फोन वर धरून सगळ्यांना फोटो दाखवला आणि पाटकरणीवर आता गावाचा विश्वास राहिला नाही असं म्हणाला. कुणीतरी म्हणालं, आधी रान बघून या. दोघं-तिघं जाऊन आले. लेंड्यांशिवाय तिथं काही नव्हतं.

मला बोलायची रीत नाही तिथं, सुना बोलत नाहीत. मी उभी राहिले.

"जयरामभाऊ, फोटो चांगला काढलात," मी म्हटलं. "फावडं तुमच्या पायाशी होतं, त्याचाही एखादा काढायचा होता."

जयराम खाली बघत फोन पुसायला लागला. म्हातारी बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली की कुणी फोडलं ते ती विचारणार नाही, पण मेंढरांना डाळिंबाचा पालाही चालतो. मोटारींचं नाव त्या दिवशी निघालं नाही. अजून निघालेलं नाही. पाटाच्या शेवटाच्या लोकांनी म्हातारीला पुढं घालून घरापर्यंत सोडलं. गावानं तिला मान दिला. मला काय दिलं? रान भरून लेंड्या.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. ताट आपटून ठेवायचे. हर्षल दोघींमध्ये पडायचा प्रयत्न करायचा, मग तोही गाडी घेऊन बाहेर पडायचा. तिला माझ्या न बोलण्याचा काही त्रास झाला असं दिसलं नाही. शांतता तिला आवडते. मला वाटायचं, आईनं ओटीत घातलेली एकच गोष्ट मी सांभाळू शकले नाही, आणि ज्या बाईनं ती घालवली तिला मी रोज गरम भाकरी वाढते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

चैत्र उलटला आणि आबिदाभाभीचा निरोप आला, जरा येऊन जा, काम आहे. मी गेले. त्या बाजूला मी सहसा जात नाही. तिच्या घरामागं तो तुकडा, आणि त्यात एक वाफा डोंगळ्यांचा. वाळलेले, गच्च भरलेले. ती एकेक खुडून सुपात टाकत होती. सुपाच्या कडेला बी चोळलेलं, काळंभोर. तिथंच बांधावर दोन गड्डे पडले होते, लावताना उरलेले, सुकलेले. मी एक उचलला. गुलाबी, बसका, मानेला बारीक.

माझं तोंड बघून भाभी घाबरली. म्हणाली, "तुझ्या सासूनं दिवाळीनंतर आणून दिले. म्हनल्या, वर पानी चढायचं नाय, तुझ्याकडं लाव. निकिताला सांगू नको, ती भांडंल. बी निम्मं तिचं, निम्मं तुझं."

मी खाली बसले. भाभीनं पाणी दिलं, ते प्यायले. तिनं सुपातलं बी दोन फडक्यात वाटलं, एक गाठ मारून माझ्या हातात दिलं. आईनं दिली होती तेवढीच पुरचुंडी. तिचं रान पाटाच्या शेवटाला, त्यामुळं फुलावर असताना त्याला सगळ्यांच्या आधी पाणी मिळालं होतं. म्हातारीनं स्वतः उघडलेलं बारं. माझ्या रानात मेंढरं घातली तेव्हाही तिला हे माहीत होतं. मी पाय धरले तेव्हाही माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर मी बांधावरून उठले असते.

घरी आले तेव्हा म्हातारी ओट्यावर पायाला तेल चोळत होती. मी पुरचुंडी तिच्यासमोर ठेवली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले, आणि राग आवरून बोलले.

"मला विचारलं असतं, तर मी दिले नसते का?"

तिनं पुरचुंडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नही," ती म्हणाली.

नसतेच दिले. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तिचं चुकलं असतं तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं.

आमचं रान अजून शेवटीच भिजतं. तिचे गुडघे गेलेत, तरी काठी टेकत पाटावर जाते आणि फावडं दुसऱ्या कुणाला धरू देत नाही. आमचं बोलणं कामापुरतं. परवा मी डोंगळ्याला लावायचे गड्डे निवडले आणि अर्धी पाटी आबिदाभाभीकडं स्वतः नेऊन दिली. म्हातारीला सांगितलं नाही. विचारलं तर सांगणार आहे, गेले.